वळताना गाडी करकरली आणि ₹19,050 गेले

गौरी आवाहनाच्या दिवशी आम्ही पुण्याहून वाईजवळच्या गावी निघालो होतो. मागच्या सीटवर माझी बायको आणि 74 वर्षांची आई. आईच्या मांडीवर गौरींचे मुखवटे. खंबाटकीच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं, गाड्या कच्च्या रस्त्याने काढत होते, सगळीकडे सुटी खडी. घाट उतरून सुरूर फाट्याला वळलो तेव्हा पुढच्या डाव्या चाकातून करकर आवाज यायला लागला. सरळ चाललं की बंद. वळवलं की पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा.

पुढे एक गॅरेज दिसलं. तिथल्या माणसाने गाडी दहा पावलं चालवली आणि आईच्या देखत म्हणाला, "साहेब, ॲक्सल गेलाय. असंच पुढं नेलं आणि वळणावर चाक निखळलं तर? म्हातारं माणूस आहे गाडीत." हे ऐकून आई घाबरली. म्हणाली, "करून घे बाबा, पैशाकडे बघू नकोस." संध्याकाळच्या आत गौरी घरात यायच्या होत्या, पाऊस लागून राहिला होता. त्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं, सांगा.

त्याने आम्हाला शेजारच्या हॉटेलात चहाला पाठवलं. चाळीस मिनिटांत बोलावणं आलं, "झालं काम." बिल म्हणजे वहीतून फाडलेला कागद. दोन ॲक्सल (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना देणारे दांडे) ₹8,400, पुढची दोन्ही बेअरिंग ₹3,700, टायरॉड एंड (स्टीअरिंगचा दांडा चाकाला जोडणारे सांधे) ₹2,600, पॉवर स्टीअरिंग ऑइल ₹850, मजुरी ₹3,500. एकूण ₹19,050. ₹15,000 मी यूपीआयने दिले, तेही दुकानाच्या नावावर नाही, कुणाच्या तरी खासगी खात्यावर. उरलेले ₹4,050 आईने रोख दिले. गौरींच्या साड्यांसाठी आणि ओटीसाठी तिने बाजूला काढलेले पैसे होते ते.

आता जे तेव्हाच दिसायला हवं होतं ते सांगतो. माझी वॅगन आर 2019 ची आहे. तिचं पॉवर स्टीअरिंग विजेच्या मोटरवर चालतं. त्यात तेल नसतंच! ₹850 ची ती ओळ मी वाचली, मोठ्याने वाचली, आणि पैसे दिले. सहा वर्षं ही गाडी चालवतोय मी. त्या एका ओळीवर बोट ठेवून "हे तेल कुठे ओतलंस, दाखव" एवढं म्हणालो असतो तर तिथेच सगळं उघडं पडलं असतं. रोज रात्री ती ओळ डोळ्यांसमोर येते.

दुसरं म्हणजे, "हा बघा तुमचा जुना ॲक्सल" म्हणून त्याने जो दाखवला त्यावरचं ग्रीस वाळून खपली झालं होतं, वर धुळीचा थर. भर पावसात चाललेल्या गाडीतून अर्ध्या तासापूर्वी काढलेला ॲक्सल कोरडा कसा असेल? आणि चाकाच्या मधल्या भागात घट्ट बसलेलं बेअरिंग काढून नवीन बसवायला प्रेस, म्हणजे दाब देणारं यंत्र, लागतं. त्या शेडमध्ये जॅक आणि पान्यांशिवाय काही नव्हतं.

आवाज मात्र बंद झाला होता, म्हणून मीही गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी परतताना पुन्हा सुरू. पुण्यातल्या ओळखीच्या मिस्त्रीने चाक उतरवलं. ब्रेकच्या डिस्कच्या मागे पातळ पत्रा असतो, तो खडीने आत वाकला होता आणि खडीचा एक तुकडा अजून अडकलेला होता. वळताना चाकावर बाजूने जोर आला की डिस्क त्याला घासायची. त्याने तुकडा काढला, पत्रा हाताने सरळ केला, ₹200 घेतले. मग टॉर्च मारून ॲक्सल दाखवले. दोन्ही जुनेच, मूळचे. टायरॉड एंडच्या नटांवर गंज होता, त्यांना पानासुद्धा लागलेला नव्हता.

ॲक्सलचा जॉइंट गेला तर स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडीला वेग देताना टक-टक-टक असं वाजतं, करकरत नाही. बेअरिंगची घरघर वेगाबरोबर वाढते आणि सरळ रस्त्यावरही ऐकू येते. खडीच्या रस्त्यानंतर एकदम पत्रा घासल्याचा आवाज आला, तर आधी गाडी हळूहळू थोडी मागे-पुढे घ्या, कित्येकदा खडा पडून जातो. ब्रेक दाबल्यावर करकरत असेल तर मात्र पॅड संपलेत का ते लगेच बघा.

पोलीस ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "हा दिवाणी मामला आहे, आणि घडलंय दुसऱ्या जिल्ह्यात." मी सांगितलं, न केलेल्या कामाचे पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे, आणि हद्द कुठलीही असली तरी तक्रार नोंदवून घ्यावी लागते. उत्तर मिळालं, "वकील आहात का?" दीड तास बाकावर बसवून साधा अर्जसुद्धा घेतला नाही. त्या हद्दीतल्या ठाण्याला फोन केला, ते म्हणाले, "राहता तिथे द्या." बँकेत गेलो तर, "पिन तुम्हीच टाकलाय ना?" एकानेही तो कागद नीट वाचला नाही. चोराने खिशातून पाकीट मारलं असतं तर निदान कागदावर तरी आलं असतं!

तुमच्यावर अशी वेळ आली तर जीएसटी क्रमांक असलेलं छापील बिल मागा, नाही म्हणाला तर तिथे काम करू नका. चहाला जाऊ नका, गाडीजवळ उभे राहा. चाक उतरवण्याआधी आतले फोटो काढा. नवीन भागाचं खोकं ताब्यात घ्या. रोख देऊ नका.

ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि ₹5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. मी ती करतोय. काम झालंच नाही हे मिस्त्रीने लिहून द्यावं म्हणून चार चकरा मारल्या. तो म्हणतो, "साहेब, मला धंदा करायचाय, या भानगडीत नको." शेवटी ॲक्सलचे आणि गंजलेल्या नटांचे फोटोच जोडलेत. तक्रारीत रक्कम ₹15,000 लिहिली आहे. आईच्या ₹4,050 चा कुठेच पुरावा नाही.