एएसी ब्लॉक आणि पातळ सांध्याचा माल: बांधणाऱ्या हातांचे मत

मी पंधरा वर्षे लाल विटांचे गवंडीकाम केले आणि गेली सात वर्षे पुण्याच्या पश्चिम भागातील उंच इमारतींवर जवळजवळ फक्त एएसी ब्लॉकच, म्हणजे दाबाच्या वाफेत पक्के केलेल्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटचे ठोकळे, बांधतो आहे. जाहिराती या ब्लॉकबद्दल बोलतात तेव्हा इमारतीचे कमी झालेले वजन, सिमेंटची बचत आणि घरातला गारवा यांचे वर्णन करतात. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत जो माणूस तो उचलून भिंतीत बसवतो, त्याला तो कसा वाटतो, हे मला कोठे वाचायला मिळालेले नाही.

आपल्याकडची वीट साधारण ९ × ४ × ३ इंचांची असते आणि ३ किलोंच्या आसपास भरते. ब्लॉक ६०० मिलिमीटर लांब व २०० मिलिमीटर उंच असून भिंतीच्या दर्शनी भागात तो सहा विटांची जागा घेतो. म्हणजे चार इंची भिंतीत जेथे सहा वेळा वाकून १८ किलो उचलावे लागत, तेथे १०० मिलिमीटर जाडीच्या ब्लॉकमुळे एकदाच, साइटवरचा ओलावा धरून, ९-१० किलो उचलावे लागतात. दिवसाचे ओझे निम्म्यावर येते, हा हिशेब खरा आहे, आणि संध्याकाळी मनगट पूर्वीसारखे ठणकत नाही. मात्र वीट एका हाताने उचलता येते व दुसऱ्या हातात थापी राहते; ब्लॉकला दोन्ही हात, खांदे आणि कंबर लागते. २०० मिलिमीटर जाडीचा ब्लॉक कोरडा असतानाही १४ किलोंच्या आसपास असतो आणि कारखान्यातून ओलसर आला तर बराच जड होतो. परांचीवर उभे राहून छातीच्या वरच्या थरात तो एकट्याने बसवणे, हे या ब्लॉकचे सर्वांत वाईट अंग आहे. १५० पर्यंत माझी तक्रार नाही. २०० चे काम दोघांनीच करावे आणि ठेकेदाराने त्यासाठी दुसरा बिगारी द्यावा.

कारागिराची खरी परीक्षा पहिल्या थरात होते. स्लॅब कधीच तंतोतंत सपाट नसतो, म्हणून तो थर नेहमीच्या सिमेंट-वाळूच्या मालावर बसवून स्लॅबचा चढउतार तेथेच मारावा लागतो. दोरी, ओळंबा, गुण्या आणि पाणसळ घेऊन एका खोलीचा पहिला थर नीट लावायला आमची अर्धी सकाळ जाते, आणि ती गेलीच पाहिजे. विटकामात सांधा १० मिलिमीटरचा असल्याने थोडी चूक पुढच्या दोन थरांत सावरून घेता येत असे. येथे सांधा अवघा ३ मिलिमीटरचा आहे, त्यात काहीच लपत नाही. एकदा तो थर पाणसळीत आला, की दातेरी थापीने माल ओढायचा, रबरी हातोड्याने ठोकायचे, आणि भिंत डोळ्यांदेखत वर चढते. इतकी सरळ भिंत विटांत मला क्वचितच साधली होती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

या पातळ सांध्यासाठी पिशवीत येणारा तयार माल मला मनापासून आवडतो. वाळू चाळणे नाही, विटा भिजवणे नाही, बांधकामावर आठवडाभर पाणी मारणे नाही. एप्रिलच्या उन्हात उघड्या मजल्यावर तो लवकर घट्ट होतो, म्हणून घमेल्यात थोडाथोडाच कालवावा. हातमोजे मात्र हवेतच, कारण हाही सिमेंटचाच माल आहे आणि तो कातडी खातो.

ब्लॉक साध्या करवतीने कापता येतो, पण घाईच्या साइटवर मशीन फिरते आणि बारीक धुळीने सगळा मजला भरून जातो. त्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. रुमाल बांधून हे भागत नाही, चांगला मास्क लागतो. तो गवंड्याला स्वतःच्या पैशाने घ्यावा लागू नये. भिंतीत वायरसाठी खाच (झरी) मारणाऱ्या वायरमनलाही हेच लागू आहे.

एका कामावर ‘ब्लॉक झपाझप चढतो’ म्हणून चौरस फुटाचा दर खाली आणला गेला, तेव्हा पहिल्या थराची सकाळ, पाटलीसाठी (भिंतीतल्या काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यासाठी) थांबणे आणि खिडकीभोवतीची कापाकापी कोणीही मोजली नाही. हा दोष ब्लॉकचा नव्हे, तरी ब्लॉकच्या नावावर तो आमच्या हजेरीत येतो.

घर बांधून घेणाऱ्यांनी गाडी उतरताना ब्लॉक हाताने चाचपून पाहावेत. ताजे, ओले ब्लॉक लगेच भिंतीत गेले, तर वाळताना आकसतात आणि पुढे प्लास्टरवर भेगा दिसतात. मग बोल गवंड्याला लागतो. पावसाळ्यात थप्पी जमिनीपासून उचलून प्लास्टिकखाली ठेवावी, आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी मारल्याशिवाय प्लास्टर सुरू करू देऊ नये.