टिळकवाडीतील दंत दवाखाना : कॅपभोवतीच्या सुजेचा नीट शोध

कॅप बसवलेल्या दाताची हिरडी सुजली की दात साफ करून गुळण्यांचे औषध हातात देण्याची सर्रास पद्धत आहे. बेळगावात टिळकवाडीतील या दवाखान्याने तेवढ्यावर भागवले नाही, म्हणून हा अभिप्राय. माझ्या थोरल्या अक्काने दुसरीकडे बसवून घेतलेल्या कॅपभोवती हिरडीला लालभडक कड आली होती आणि ब्रश लागताच रक्त येई, शेजारच्या हिरड्या मात्र स्वच्छ गुलाबी होत्या.

येथील डॉक्टरांनी आधी नेहमीची कारणे पाहिली : कीटण साचले आहे का, कॅपची कड हिरडीत रुतते का. मग त्यांनी विचारले, “अक्का, खोटे कानातले घातले की कान खाजतात काय?” होकार येताच त्यांनी निकेल या धातूच्या ॲलर्जीचा संशय बोलून दाखवला, कारण खोट्या दागिन्यांत निकेल असू शकते आणि स्वस्तातल्या धातूच्या कॅपमध्ये बहुधा निकेल-क्रोमियम असते. टूथपेस्टमधल्या दालचिनीच्या स्वादानेही हिरड्या अशाच लाल होऊ शकतात, म्हणून तीही बदलायला लावली, आणि पॅच टेस्टसाठी, म्हणजे संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवून ॲलर्जी पाहण्याच्या चाचणीसाठी, त्वचारोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. पाठीवरच्या पट्ट्या ४८ तास न भिजवता ठेवायच्या आणि त्या काढल्यावर दोन दिवसांनी पाठ पुन्हा दाखवायची, कारण ही ॲलर्जी उशिरा उमटते. एप्रिलच्या घामात हे सोपे नव्हते.

निकेलच्या पट्टीखाली पुरळ उठले, तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. कातडीला जे सोसत नाही ते लाळेने सतत धुतल्या जाणाऱ्या तोंडात सोसूही शकते, असे सांगून त्यांनी जुनी कॅप कापून काढली, प्लास्टिकची तात्पुरती कॅप बसवली आणि काही आठवड्यांत हिरडी निवल्याची खात्री झाल्यावरच झिर्कोनियाची, म्हणजे निकेल नसलेल्या पांढऱ्या सिरॅमिकची कॅप केली. मला या दवाखान्याचे सर्वाधिक मोल या सबुरीत वाटते.

उणिवाही आहेत. झिर्कोनिया बरीच महाग पडते आणि खर्चाचा अंदाज लेखी मिळाला नाही. वेळ ठरवूनही संध्याकाळी ताटकळावे लागते. सूचनांचा कागद कन्नड आणि इंग्रजीत होता. नर्सबाईंनी तो मराठीत समजावला खरा, पण खानापूरच्या खेड्यांतून एकट्या येणाऱ्या वयस्कर बायकांसाठी मराठी प्रत छापून ठेवायला हवी.