कॅथरीन: ‘सी’ने की ‘के’ने?

देवनागरीत ‘कॅथरीन’ लिहिले की प्रश्न मिटतो. इंग्रजीत मात्र सुरुवातीलाच ‘सी’ घ्यावा की ‘के’, हे ठरवावे लागते. मूळ ग्रीक नावातला ‘क’ कप्पा या अक्षराने लिहितात, म्हणून ‘के’चे रूप मुळाला अधिक जवळचे आहे, ‘सी’ लॅटिन आणि फ्रेंच वळणाने आला. दोन्ही रूपांतला ‘एच’ मात्र मुळातला नव्हे. ‘शुद्ध’ या अर्थाच्या ‘काथारोस’ या ग्रीक शब्दाशी नावाचे नाते जोडले गेले आणि तो ‘टी’पुढे येऊन बसला.

आठव्या हेन्रीच्या पहिल्या राणीला इतिहासाची पुस्तके बहुधा ‘सी’ने लिहितात, पण पीटरबरो कॅथीड्रलमधील तिच्या थडग्यावरच्या सोनेरी अक्षरांत ‘के’ आहे. हेन्रीची सहावी राणीही ‘के’नेच सही करी. उलट, १६६१ च्या विवाहतहाने जिच्या आंदणात मुंबई इंग्रजांकडे गेली, त्या ब्रागांझाच्या कॅथरीनला ‘सी’च शोभतो, कारण पोर्तुगीजमध्ये हे नाव ‘सी’नेच लिहितात.

मुलीला घरात ‘केट’ म्हणणार असाल, तर माझा कौल निःसंशय ‘के’ला आहे, आद्याक्षर तरी एकच राहते. मात्र मधल्या स्वराकडेही लक्ष हवे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांत संत कॅथरीनच्या नावाचे कॉलेज आहे, दोन्हीकडे ‘सी’च आहे, पण ‘टीएच’नंतर ऑक्सफर्डमध्ये ‘ई’ येतो आणि केंब्रिजमध्ये ‘ए’.