वाघीण रंगवायची: ब्रश, स्प्रे कॅन की एअरब्रश?

मॉडेल रेल्वेच्या एचओ मापात, म्हणजे १:८७ ला, बॉक्सएन ही कोळशाची उघडी वाघीण (मालगाडीचा डबा) कपलरपासून कपलरपर्यंत, म्हणजे जोडणीच्या एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत, जेमतेम १२३ मिलिमीटर भरते. खरी असते १०,७१३ मिलिमीटर. तिच्या अंगावरच्या उभ्या पट्ट्या, दारांच्या बिजागऱ्या, कड्या हे सगळं मॉडेलवर नखाला लागेल न लागेल एवढ्याच उंचीचं असतं. थर जाड बसला की सगळ्यांत आधी तेच बुजतं. त्यामुळे तिन्ही साधनांची तुलना करताना आधी हेच बघायचं, की पातळ आणि सारखा थर कशानं देता येतो, आणि तो कोल्हापूरच्या हवेत कोणत्या महिन्यात देता येतो.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. दोन-तीन वाघिणी रंगवायच्या असतील तर प्रायमरचा (रंगाआधीच्या अस्तराचा) एक कॅन आणि चांगला ब्रश पुरे. दहाच्या पुढचा, एकसारखा दिसणारा रेक, म्हणजे वाघिणींची अख्खी रांग, जोडायचा असेल तर एअरब्रशशिवाय (हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या बारीक गनशिवाय) निभाव नाही. वाघिणींची संख्या याच्या मधली असेल तर निव्वळ कॅनवर सगळं काम काढणं जमतं, पण पावसाळा सोडून.

ब्रश

खर्च सगळ्यांत कमी, आणि बदनामी उगाच जास्त. रेघा उठतात त्या रंग बाटलीतून थेट लावल्यामुळे. ॲक्रिलिकमध्ये दहा ते वीस टक्के पाणी घालायचं, सहा-आठ मिलिमीटर रुंदीचा चपटा सिंथेटिक ब्रश घ्यायचा आणि उभ्या पट्ट्यांच्या दिशेनंच ओढायचा. पहिला हात भिकार दिसतो, खालचं प्लास्टिक डोकावतं. तिथेच लोक घाबरून ओल्या रंगावर परत ब्रश फिरवतात आणि अर्धवट सुकलेली साय ओरबाडली जाते. अर्धा-पाऊण तास थांबून दुसरा, मग तिसरा हात द्यायचा. तीन पातळ हात मिळून एका जाड हातापेक्षा कमीच जाडी होते.

गडद लालसर तपकिरी रंगाला झाकण्याची ताकद चांगली, म्हणून मालगाडीच्या बाबतीत ब्रश तरून जातो. पिवळा किंवा पांढरा पट्टा मात्र ब्रशनं चार-पाच हात मागतो. तिथे आधी फिकट राखाडीचा हात देऊन घ्या.

स्प्रे कॅन

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा कॅन लोखंडी गेटसाठी केलेला असतो, वाघिणीसाठी नव्हे. त्यातलं द्रावण तीव्र असतं. पॉलिस्टायरिनचं प्लास्टिक त्यानं विरघळतं आणि पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं उठतं. ते घासून जात नाही. आधी पार्टीतल्या पांढऱ्या डिस्पोजेबल चमच्यावर मारून बघा. बहुतेक चमचे त्याच जातीच्या प्लास्टिकचे असतात. चमचा खडबडीत झाला तर वाघीणही होणार. गाड्यांच्या टच-अपसाठी मिळणारा ॲक्रिलिक प्रायमर त्या मानानं सौम्य, पण चमच्याची परीक्षा त्यालाही चुकत नाही.

मारण्याची पद्धत: कॅन दोन मिनिटं हलवायचा, कोमट पाण्यात (उकळत्या नव्हे) पाच मिनिटं ठेवायचा म्हणजे फवारा बारीक येतो. अंतर वीस ते पंचवीस सेंटिमीटर. फवारा वाघिणीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा. सुरुवातीचा थेंब अंगावर पडला की तिथे कायमचा फोड. दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं. अंतर फार वाढलं तर रंग हवेतच सुकतो आणि वाघीण सँडपेपरसारखी लागते.

कॅन एका ठिकाणी एअरब्रशलाही मागे टाकतो. भारतीय वाघिणींची मॉडेलं बऱ्याचदा थ्रीडी प्रिंटची असतात आणि त्यांच्यावर छपाईच्या आडव्या रेघा दिसतात. त्या बुजवायला फिलर प्रायमरचा कॅन, मग ६०० आणि ८०० नंबरचा पाणपेपर, पुन्हा प्रायमर. रेझिनचं प्रिंट असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुऊन उन्हात नीट पक्कं करा. कच्च्या रेझिनवर रंग आठवडाभर चिकटच राहतो, आणि दोष मात्र रंगाला दिला जातो.

एअरब्रश

खर्च चार आकडी, त्यात कॉम्प्रेसरचा वाटा मोठा. ०.३ मिलिमीटर नोझलचा डबल ॲक्शन (एकाच खटक्यानं हवा आणि रंग दोन्ही आवरता येणारा) घ्या, दाब १५ ते २० पीएसआय, अंतर आठ-दहा सेंटिमीटर. रंग दुधाइतका पातळ हवा. तामिया कंपनीचं ॲक्रिलिक त्यांच्याच थिनरमध्ये किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अर्धं-अर्धं चालतं. व्हॅलेहो कंपनीच्या रंगात मात्र अल्कोहोल घातलंत तर कपात दही लागतं. त्याला त्याचंच थिनर. एका बॉक्सएनला पातळ केलेला तीन-चार मिलिलिटर रंग पुरतो, म्हणजे रंग वाचतो. वेळ वाचत नाही. दर रंगबदलाला दहा मिनिटं सफाई आलीच, आणि एका वाघिणीसाठी एवढा पसारा मांडणं म्हणजे एका भाकरीसाठी चूल सारवण्यासारखं आहे.

रेकच्या बाबतीत हिशेब उलटतो. बारा वाघिणी एका रांगेत लावून एकाच कपातल्या रंगानं मारता येतात. आणि जी गोष्ट ब्रशला जमत नाही ती इथे सहज होते: मूळ रंगात दहा टक्के फिकट बदामी मिसळून फक्त पट्ट्यांच्या मधल्या पत्र्यावर हलका फवारा. उन्हानं विटलेला पत्रा तिथेच दिसायला लागतो.

उद्यमनगरातला गॅरेजचा कॉम्प्रेसर मिळतोय म्हणून जोडू नका. जोडायचाच तर रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा ट्रॅप लागतो, आणि तेलाचे कण येतात ते वेगळेच. बापट कॅम्प किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत मूर्तींवर मारतात ती गनही दोन फुटी गणपतीच्या मापाची. पण हवेचा दाब आणि रंगाचा पातळपणा जुळवताना हात कसा चालतो हे बघायला त्याहून चांगली शाळा नाही. गणेश चतुर्थी उरकल्यावर जा. आधी कुणाला मान वर करायला सवड नसते.

महिना कोणता?

जून ते सप्टेंबर हा मोठा वैरी. हवेतला दमटपणा सत्तर टक्क्यांच्या पुढे असताना सॉल्व्हेंटचा कॅन मारला की द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग पांढुरका पडतो. मॅट वार्निशवर हे सगळ्यांत वाईट दिसतं. एअरब्रशच्या नळीत पाणी साठून मध्येच थुंकी उडते, म्हणून ट्रॅप दर अर्ध्या तासानं रिकामा करायचा. ब्रशच्या ॲक्रिलिकला पावसाचा त्रास एवढाच, की दोन हातांमधला वेळ दुप्पट होतो.

एप्रिल-मेमध्ये उलटी तऱ्हा. कोरड्या उष्ण हवेत एअरब्रशच्या टोकावर रंग सुकून फवारा फिस्कटतो. रिटार्डरचे (रंग सुकणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब आणि अधूनमधून टोकावर अल्कोहोलचा बोळा, एवढ्यावर भागतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंतच्या सकाळी तिन्ही साधनांना सारख्याच मानवतात.

पांढरी अक्षरं: सगळ्यांत अवघड दुखणं

इथे साधन कोणतंही असो, अडचण एकच. तपकिरी अंगावर पांढरी अक्षरं, आणि साधा प्रिंटर पांढरं छापत नाही. तीन पर्याय आहेत. पांढऱ्या टोनरवर छापून घेतलेली वॉटरस्लाइड डेकल (पाण्यात भिजवून कागदावरून सरकवून चिकटवायची पातळ फिल्म) सर्वांत चांगली. घासून उतरणारी ट्रान्सफर अक्षरं फिल्मची कड सोडत नाहीत, पण उभ्या पट्टीवरून ओलांडताना तुटतात. तिसरा मार्ग म्हणजे पांढऱ्या डेकल कागदावर तपकिरी पार्श्वभूमी छापून अक्षरं कोरी सोडायची. स्वस्त आहे, पण छापलेला तपकिरी आणि रंगवलेला तपकिरी सहसा जुळत नाही. जुळवायचं तर अख्खं पॅनेल पट्टी ते पट्टी झाकेल एवढं कापा, म्हणजे फरक ताज्या रंगाच्या ठिगळासारखा दिसतो. खऱ्या वाघिणीवरही दुरुस्तीनंतर तारखेच्या चौकटीपुरता नवा रंग मारलेला असतो, तेव्हा हे ठिगळ खपून जातं.

डेकल मॅट रंगावर कधीच लावू नका. खडबडीत पृष्ठभागात हवा अडकते आणि सुकल्यावर चंदेरी डाग दिसतात. आधी ग्लॉस, मग डेकल, वरून पुन्हा ग्लॉसचा पातळ हात, मॅट शेवटी.

आणि नंबर नीट वाचा. भारतीय वाघिणीचा नंबर अकरा आकडी असतो: पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार, पुढचे दोन मालकीची रेल्वे, पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी तपासणीचा आकडा. म्हणजे अगदी अलीकडच्या सालची वाघीण गंजानं माखलेली दाखवली की जाणकार हसतो. किती मळवायचं हे तो नंबरच सांगतो. बॉक्सएनएचएलसारख्या नव्या वाघिणींचं अंग स्टेनलेस पोलादाचं. तिथे गंज कमी आणि काजळी जास्त.

मळवण्याची तीन साधनं

पैसे आणि मेहनत खरी इथे घाला. तीन फुटांवरून बघणाऱ्याला मूळ रंग ब्रशनं दिला की एअरब्रशनं हे कळत नाही. मळ खोटा असेल तर लगेच कळतो.

पावडर सर्वांत सोपी. सुक्या पेस्टलचा खडू सँडपेपरवर घासला की झाली. खरेदीला जाताना सॉफ्ट पेस्टल मागा. शाळेच्या यादीतले ऑइल पेस्टल दिलेत तर ते मेणचट असल्यानं पावडरच होणार नाही. पावडर फक्त मॅटवर धरते, ग्लॉसवरून घसरून जाते. वरून मॅट वार्निश मारलं की निम्मी गायब होते, म्हणून हवी त्यापेक्षा गडद लावायची किंवा दोनदा. बीसीएन या बंद वाघिणीच्या दाराखाली खताच्या पोत्यांचा पांढरट धुरळा आणि बोगीवर (चाकं बसवलेल्या चौकटीवर) ब्रेकची तपकिरी धूळ यांना पावडरच शोभते.

वॉश म्हणजे खूप पातळ काळपट रंग कोपऱ्यांत मुरू देणं. एक भाग रंग, आठ-दहा भाग पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबण नसेल तर पाणी मण्यांसारखं गोळा होऊन सुकल्यावर कडी उमटतात. मॅट लॅकर मारलेल्या वाघिणीवर अल्कोहोलचा वॉश ओतलात तर पांढरी बुरशी धरल्यासारखी दिसते.

तिसरं साधन आर्टिस्ट ऑइल कलर. कलापूर म्हणवणाऱ्या गावात त्याची वानवा नाही. कॅमलिनच्या बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर अशा दोन ट्यूब वर्षानुवर्षं पुरतात. पुठ्ठ्यावर काढून तासभर तेल शोषू द्यायचं, मग टोकदार ब्रशनं पट्टीच्या वरच्या टोकाला ठिपका, आणि टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश खाली ओढायचा. ओघळ झाला. आवडला नाही तर तासाभरात पुसता येतो, ही सोय बाकी दोघांत नाही. बीटीपीएन टँकरच्या झाकणापासून खाली उतरणारे सांडल्याचे डाग यानंच करावेत. सुकायला दोन-तीन दिवस, पावसात आठवडा. दुकानात नुसतं ‘थिनर’ मागू नका, एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर हातात पडेल आणि तो रंगासकट प्लास्टिकही खाईल. टर्पेंटाइन नाव घेऊनच मागा. खाली एनॅमल रंग असेल तर तेही चालत नाही, एनॅमल सुटतो.

पहिल्या वाघिणीसाठी ऑइल आणि पावडर ही जोडी घ्या, वॉश मागाहून. आणि बॉक्सएनच्या आतल्या बाजूला बाहेरचा रंग ठेवू नका. कोळशानं घासून तिथे रंग उरतच नाही: गंजाचा तपकिरी, त्यावर काळपट पावडर, वरच्या कडेला ६बी पेन्सिलीची शिसं घासून आणलेली लोखंडी चकाकी. पेन्सिलीला पाच मिनिटं लागतात आणि बाकी सगळ्या सामानापेक्षा तिचाच परिणाम जास्त दिसतो.

मळवून झालं की वाघीण रुळावर ठेवून हलका उतार द्या. अडखळली तर चाकाच्या आसाच्या टोकाशी पावडर शिरली आहे. चाकांची जोडी काढून खोबणी कोरड्या ब्रशनं साफ करा, तेल मुळीच नको, त्यात पावडर कालवून चिखल होतो. कपलरचा आकडा हातानं उघडून-मिटून बघा. तरीही रुळावरून घसरत असेल तर वजन तोला. एनएमआरए या अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे या लांबीला साधारण ९७ ग्रॅम लागतात, आणि उघड्या वाघिणीत वजन लपवायला कोळशाच्या ढिगाखालचीच जागा असते.