बीड काढून पीव्हीसी: एक उन्हाळा, एक पावसाळा

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या जुन्या दुमजली घराची बीडाची (ओतीव लोखंडाची) ड्रेनेज लाईन काढून एसडब्ल्यूआर, म्हणजे मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचं पीव्हीसी टाकली, त्यावर एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. पाईप उत्तम आहे. त्रास होतो तो जोडात आणि क्लँपात, आणि त्याचे बोल मात्र पाईपला लागतात.

संडासाला ११० मिमी, न्हाणी-बेसिनला ७५ मिमी, दोन्ही टाइप बी. टाइप ए पातळ असतो. तो पावसाच्या पाण्याला आणि व्हेंटला (हवेच्या नळाला) ठीक. दुकानात स्वस्त म्हणून तोच पुढे केला जातो, तेव्हा पाईपवरचा आयएस १३५९२ हा मानक क्रमांक आणि टाइपचा छापा वाचूनच माल उचलावा.

बाहेरच्या उभ्या लाईनला रिंगफिटच (रबरी रिंगचा, पाईप सरकू देणारा जोड) हवं. ३ मीटरचा पीव्हीसी पाईप ३० अंशांच्या फरकाने साधारण ६ मिमी लांबतो, आणि पश्चिमेच्या भिंतीवर एप्रिल-मेमध्ये एवढा फरक सहज पडतो. म्हणून टोकाची कड कानशीने तासायची, रिंगला साबणाचं पाणी लावायचं, पाईप सॉकेटमध्ये (दुसऱ्या पाईपच्या रुंद तोंडात) तळापर्यंत घालून खूण करायची आणि १० मिमी मागे ओढायचा. हे मागे ओढणं बरेच प्लंबर गाळतात. मग पाईप उन्हात बाक धरतो आणि क्लँप उपटतो. तेल-ग्रीस लावू नये, रबर फुगून खराब होतं. क्लँप सॉकेटजवळचा घट्ट, मधले पाईप सरकेल इतके सैल.

बीड वरून खाली उतरवायचं, वरचा पाईप दोराला बांधल्याशिवाय खालचा जोड फोडायचा नाही. शिशाचा जोड तापवून सोडवू नका, धूर विषारी असतो. सरळ पाईप कापा.

तळाला ९० अंशांच्या एका बेंडऐवजी ४५ चे दोन, वर दाराचा टी (तुंबलं तर उघडून साफ करायला झाकण असलेला जोड). आडव्या लाईनला मीटरमागे २० ते २५ मिमी उतार. चेंबरच्या भिंतीत सिमेंट पीव्हीसीला धरत नाही. तेवढ्या भागाला सॉल्व्हंट (पीव्हीसी चिकटवायचं द्रावण) फासून कोरडी वाळू मारायची, मग गिलावा. नाहीतर पावसाळ्यात तिथूनच पाझर.

आवाज हा खरा तोटा. बीड मुकं होतं. आता वर फ्लश केला की खाली खळखळाट ऐकू येतो. झोपायच्या खोलीलगत लाईन नेऊच नये. बंबातलं उकळतं पाणी थेट ओतू नये, पीव्हीसी उष्णतेने मऊ पडतं. रश्श्याचा तवंगही मोरीत नको. गुळगुळीत पाईपमध्ये बीडापेक्षा कमी चिकटतो, पण गली ट्रॅपमध्ये (मोरीचं पाणी जिथं पडतं त्या बाहेरच्या जाळीच्या कुंडीत) थिजतोच.

२०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी जिथं शिरलं, त्या भागात शेवटच्या चेंबरात नॉन-रिटर्न झडप (पाणी बाहेर जाऊ देणारी, उलट येऊ न देणारी) घ्याच, आणि हात पोचेल अशीच बसवा. मृगाआधी उघडून केस-चिंध्या काढाव्या लागतात. चिंधी अडकली की झडप पुरती मिटत नाही आणि पुराचं पाणी संडासातून वर येतं.