एसएमपीएस टेस्टर घरी ठेवावा का?

घरचा संगणक एखाद्या दिवशी चालू झाला नाही की बहुतेक घरांत एक ठरलेला क्रम सुरू होतो. कॅबिनेटचे झाकण उघडायचे, रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसायच्या, सगळ्या केबल काढून पुन्हा बसवायच्या आणि तरीही पडदा काळाच राहिला तर 'मदरबोर्ड गेला असणार' असे म्हणत यंत्र दुकानात न्यायचे. या क्रमात वीज पुरवणाऱ्या डब्याची, म्हणजे एसएमपीएसची, तपासणी सहसा शेवटी येते किंवा येतच नाही, कारण पंखा फिरतो आहे एवढ्यावरून तो धडधाकट आहे असे गृहीत धरले जाते. वास्तविक पंखा फिरायला बारा व्होल्टची लाइन जिवंत असणे पुरेसे असते. मदरबोर्डला मात्र त्याशिवाय ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, संगणक बंद असतानाही चालू राहणारी ५ व्होल्टची स्टँडबाय लाइन आणि 'पॉवर गुड' नावाचा एक संकेत, एवढे सगळे ठरलेल्या मर्यादेत मिळावे लागते. हे सगळे एका नजरेत दाखवण्याचा दावा करणारे एसएमपीएस टेस्टर नावाचे छोटे उपकरण पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर आणि ऑनलाइन दुकानांतही सहज मिळते. मी वापरत असलेला टेस्टर कोणत्याही नामांकित कंपनीचा नाही. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा, एलसीडी पडदा असलेला, बाजारात वेगवेगळ्या नावांच्या स्टिकरखाली विकला जाणारा तो नेहमीचा चिनी नमुना आहे, आणि हे परीक्षण त्याच प्रकाराविषयी आहे.

उपकरण तळहातावर मावते. त्याला स्वतःची बॅटरी नसते. ज्या एसएमपीएसची तपासणी करायची त्याच्याच विजेवर ते चालते. एका बाजूला मदरबोर्डच्या २४ पिनांच्या कनेक्टरची खाच असते, तर बाकीच्या बाजूंना प्रोसेसरच्या आणि ग्राफिक्स कार्डाच्या वीजजोडण्या, साटा आणि जुना चार पिनांचा मोलेक्स (हे दोन्ही हार्ड डिस्कसारख्या भागांना वीज देणारे कनेक्टर) यांच्या खाचा असतात. वापरण्याची पद्धत अशी, की आधी भिंतीवरचे बटण बंद करून एसएमपीएसच्या सगळ्या केबल मदरबोर्ड, हार्ड डिस्क आणि ग्राफिक्स कार्डापासून सोडवायच्या, २४ पिनांचा कनेक्टर टेस्टरमध्ये घट्ट बसवायचा आणि मग बटण चालू करायचे. टेस्टर आतल्या आत 'पीएस-ऑन'ची पिन ग्राउंडला जोडतो, त्यामुळे एसएमपीएसला चालू होण्याचा हुकूम मिळतो, पंखा फिरू लागतो आणि पडद्यावर आकडे उमटतात. हेच काम आजवर मेकॅनिक मंडळी हिरवी वायर आणि एखादी काळी वायर यांच्यामध्ये यू-पिन अडकवून करत आली आहेत, आणि ती युक्ती चूक नाही. पण हल्लीच्या बऱ्याच एसएमपीएसमध्ये सगळ्याच वायरी काळ्या असतात, तेव्हा सोळावी पिन मोजून शोधण्यापेक्षा हा मार्ग नवख्या माणसासाठी निश्चित सुरक्षित आहे.

पडद्यावरचे आकडे वाचण्यासाठी एटीएक्स, म्हणजे डेस्कटॉपच्या एसएमपीएससाठी ठरवलेल्या, निकषातील मर्यादा माहीत असाव्या लागतात, कारण टेस्टरच्या खोक्यात येणारा माहितीचा कागद इतक्या बारीक आणि मोडक्या इंग्रजीत असतो की त्याचा उपयोग शून्य. १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनना पाच टक्के वर-खाली चालते, म्हणजे अनुक्रमे ११.४० ते १२.६०, ४.७५ ते ५.२५ आणि साधारण ३.१४ ते ३.४७ व्होल्ट, उणे बारा व्होल्टच्या लाइनला दहा टक्क्यांची सूट आहे. आकडा मर्यादेच्या खाली गेला तर माझ्या टेस्टरवर 'एलएल', वर गेला तर 'एचएच' अशी अक्षरे येतात आणि कर्कश भोंगा वाजतो. भोंगा बंद करण्याची सोय नाही. रात्री उशिरा हे काम करू नये, एवढेच त्यावर म्हणता येईल.

या उपकरणाची खरी किंमत वसूल होते ती दोन आकड्यांमुळे, आणि ते दोन्ही आकडे साध्या माणसाच्या नजरेतून निसटणारे आहेत. पहिला पॉवर गुडचा. एसएमपीएस चालू झाल्यावर त्याच्या सगळ्या लाइन स्थिर होईपर्यंत थोडा वेळ जातो, आणि त्या स्थिर झाल्यावर तो मदरबोर्डला या संकेताने 'आता सुरू कर' असे कळवतो. तोपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला रोखून धरतो. एटीएक्स निकषात हा अवधी बराच काळ १०० ते ५०० मिलिसेकंद असा होता, आणि टेस्टर तो मिलिसेकंदांतच दाखवतो. संकेत आलाच नाही तर पंखे फिरतात, दिवे लागतात, पण पडद्यावर काही येत नाही, आणि नेमकी हीच लक्षणे पाहून निष्पाप मदरबोर्ड बदलले जातात. मल्टिमीटरने पॉवर गुडचे ५ व्होल्ट आले की नाही ते कळते, परंतु ते किती वेळाने आले हे कळत नाही. तेवढ्या एका बाबतीत हा स्वस्त टेस्टर मल्टिमीटरच्या पुढे आहे.

दुसरा आकडा स्टँडबायचा. भिंतीवरचे बटण चालू असेतोवर, संगणक बंद असला तरी, एसएमपीएसमधला हा छोटा विभाग अहोरात्र काम करत असतो, आणि त्यामुळे स्वस्त डब्यांत त्याचे कपॅसिटर वाळून तो आधी दमणे स्वाभाविक असते. आमच्या शेजारच्या काकांचा संगणक सकाळी बटण दाबले की नुसता टक् असा आवाज करून गप्प बसे, आणि पाच-सहा वेळा दाबल्यावर एकदाचा उठे. एकदा उठला की दिवसभर विनातक्रार चाले. कॅबिनेटचे बटणच खराब झाले असावे असा घरच्यांचा अंदाज होता. टेस्टर लावला तेव्हा १२ व्होल्टच्या जागी १२.१, पाचच्या जागी ५.०, तिनाच्या लाइनवर ३.३ असे सगळे सरळ आकडे आले, आणि '५ व्ही-एसबी'च्या चौकटीत मात्र आधी ४.६ दिसून लगेच 'एलएल' लुकलुकू लागले. काही मिनिटे डबा तसाच विजेवर राहू दिल्यावर तो आकडा हळूहळू ४.८ वर आला आणि भोंगा थांबला, म्हणजे सकाळी रुसणारा संगणक दिवसा का चालत होता याचे उत्तर समोरच दिसले. डबा बदलल्यावर तक्रार मिटली, आणि मदरबोर्ड बदलण्याचा खर्च वाचला.

आता याच उपकरणाची मोठी मर्यादा. संगणक गेम खेळताना किंवा व्हिडिओ रेंडर करताना अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद सापडते, ही तक्रार घेऊन जर कोणी हा टेस्टर विकत घेणार असेल तर त्याने घेऊ नये. ती नोंद यंत्र नीट बंद न होता बंद पडले एवढेच सांगते, कारण सांगत नाही. आणि टेस्टरही ते सांगू शकत नाही. याचे कारण सरळ आहे. टेस्टरच्या आत भार म्हणून एखाददुसरा रेझिस्टर असतो, आणि तो फार तर काही वॉट वीज खातो. मधल्या प्रतीच्या ग्राफिक्स कार्डाचा संगणक मात्र ऐन कामाच्या वेळी दोन-तीनशे वॉट ओढतो. थकलेला एसएमपीएस बिनभाराचा असताना बाराचे बारा व्होल्ट देतो आणि भार पडताच खाली बसतो. अशा एका यंत्रात टेस्टरने सगळे आकडे निर्दोष दाखवले होते, आणि त्याच डब्याला पुन्हा संगणकात बसवून, मोकळ्या मोलेक्स कनेक्टरच्या पिवळ्या आणि काळ्या वायरीवर मल्टिमीटरच्या पिना धरून, संगणकावर मुद्दाम पूर्ण भार टाकणाऱ्या ओसीसीटी या प्रोग्रॅमची पॉवर चाचणी चालवली तेव्हा १२ व्होल्टची लाइन सव्वाअकरापर्यंत उतरली. टेस्टरवर विसंबणाऱ्याने तिथे एसएमपीएसला निर्दोष ठरवून प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डावर संशय घेतला असता. म्हणून नियम असा धरावा, की टेस्टरने 'नाही' म्हटले तर ते मानावे, आणि 'हो' म्हटले तर तपासणी पुढे चालू ठेवावी.

व्होल्टेजवर स्वार झालेली लहर, जिला तंत्रज्ञ रिपल म्हणतात, तीही याला दिसत नाही. निकषानुसार १२ व्होल्टच्या लाइनवर ती १२० मिलिव्होल्टपर्यंत आणि ५ व ३.३ व्होल्टवर ५० मिलिव्होल्टपर्यंत चालते, आणि ती मोजायला ऑसिलोस्कोप लागतो, जो घरी असण्याची अपेक्षा कोणी करणार नाही. शिवाय पडद्यावर दशांशाचे एकच स्थळ आहे. ३.३ व्होल्टच्या लाइनवर ३.५ असा आकडा आला तर प्रत्यक्षात तो ३.४५ म्हणजे मर्यादेच्या आत असेल किंवा ३.५४ म्हणजे स्पष्टपणे बाहेर असेल, आणि नेमका जिथे निर्णय करायचा तिथेच उपकरण मोघम होते. उलट स्वस्त डब्यांत १२ व्होल्टचा आकडा टेस्टरवर १२.४ किंवा १२.५ दिसला तर लगेच घाबरण्याचे कारण नाही, कारण अशा डब्यांत १२ आणि ५ व्होल्टच्या लाइनचे नियंत्रण एकत्रच असते आणि भाराचा तोल एका बाजूला गेला की दुसरी लाइन थोडी वर चढते.

तिसरी अडचण आपल्याकडच्या खरेदीदारांना विशेष जाणवेल. कार्यालयांतून निघालेले डेल, एचपी आणि लेनोवोचे सेकंडहँड डेस्कटॉप आज अनेक घरांत आहेत, आणि त्यांची बांधणी चांगली असल्याने ते घेण्यात काही चूकही नाही. परंतु त्यांतल्या बऱ्याच मॉडेलमध्ये मदरबोर्डचा कनेक्टर २४ पिनांचा नसून सहा, आठ, दहा किंवा चौदा पिनांचा, त्या त्या कंपनीच्या आराखड्याचा असतो. तिथे हा टेस्टर बसतच नाही. घरात असेच यंत्र असेल तर आधी कॅबिनेट उघडून कनेक्टर पाहावा आणि मगच पैसे खर्च करावेत.

बसवताना एक खबरदारी अवश्य घ्यावी. प्रोसेसरचा आठ पिनांचा आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला जुळे भाऊ असले तरी त्यांच्यातील बारा व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या बाजू एकमेकांच्या उलट असतात. खाचांचे आकार वेगळे ठेवून चूक टाळण्याची व्यवस्था आहे खरी, पण या स्वस्त टेस्टरचे प्लास्टिक मऊ आहे आणि जोर लावला तर चुकीचा कनेक्टरही आत शिरू पाहतो. त्यावर छापलेली नावे तर चष्मा लावूनही वाचवत नाहीत. मी माझ्या टेस्टरवर मार्करने मोठ्या अक्षरांत नावे लिहून ठेवली आहेत. एका वेळी २४ पिनांच्या जोडीला एकच दुसरा कनेक्टर लावावा, आणि आतला रेझिस्टर तापत असल्याने आकडे टिपून झाले की बटण बंद करावे. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नये, हे सांगायलाच हवे: त्यातील मुख्य कपॅसिटरवर तीनशेहून अधिक व्होल्टचा दाब असतो आणि तो प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतो.

ज्याचा जाहिरातीत कुठेच उल्लेख नसतो असा एक उपयोग मला या टेस्टरचा सगळ्यांत मोलाचा वाटतो. मॉड्युलर, म्हणजे डब्यापासून केबल काढता-लावता येणाऱ्या, एसएमपीएसच्या सुट्या केबल दिसायला सारख्या असल्या तरी डब्याकडच्या टोकाला पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांची, निराळी असते. एका डब्याची साटा केबल दुसऱ्याला लावली तर हार्ड डिस्कच्या पाच व्होल्टच्या पिनवर बारा व्होल्ट जाऊन डिस्क आणि तिच्यातील घरचे सगळे फोटो एका क्षणात संपू शकतात. खात्री नसलेली केबल आधी टेस्टरच्या साटा खाचेत लावून पाहिली तर जास्तीत जास्त हजार रुपयांचा टेस्टर जातो.

घरी एकच संगणक असलेल्या माणसाने या पैशांत साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा, असे माझे मत आहे. तो चालू यंत्रावर भाराखालचे व्होल्टेज दाखवतो, मदरबोर्डवरचा सेल उतरला आहे का ते सांगतो, आणि संगणकाखेरीज घरातल्या इतर दहा कामांना येतो. ज्याच्याकडे नातेवाईक आणि सोसायटीतले लोक 'जरा बघतोस का' म्हणत कॅबिनेट घेऊन येतात त्याने मात्र मल्टिमीटरच्या जोडीला हा टेस्टर जरूर ठेवावा, कारण पहिल्या दोन मिनिटांत डबा मेला आहे की नाही याचा निकाल लागतो. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो प्रश्न बहुधा भिंतीतल्या अर्थिंगचा असतो. त्यासाठी टेस्टर नव्हे, वायरमन बोलवावा.

विकत घेताना शक्यतो दुकानातूनच घ्यावा, आणि दुकानदाराला तो काउंटरवर नव्या एसएमपीएसला लावून दाखवायला सांगावे. सगळे आकडे उमटतात का, उणे बाराची चौकट कोरी तर नाही, पॉवर गुडचा आकडा प्रत्येक वेळी साधारण सारखा येतो का आणि २४ पिनांची खाच कनेक्टर घट्ट धरते का, एवढे तिथेच उभे राहून पाहावे. ढिल्या खाचेचा नमुना निघाला तर दुसरा मागावा, कारण ढिल्या पिनेमुळे एखादी लाइन मेल्यासारखी दिसते आणि चांगला एसएमपीएस भंगारात जातो.