युनिव्हर्सल कोल्ड एअर इनटेक किट: पाइप उत्तम, क्लॅम्प टाकाऊ, पत्रा स्वतः करावा लागतो

७६ मिमीचा युनिव्हर्सल किट घेऊन घरच्या घरी कोल्ड एअर इनटेक, म्हणजे इंजिनला बाहेरची थंड हवा पुरवणारा पाइप आणि फिल्टर, बसवता येतो, पण खोक्यातल्या सामानावर काम अर्धंच होतं. सरळ, ४५ आणि ९० अंशांचे ॲल्युमिनियम पाइप, पाइप जोडणारे सिलिकॉनचे तुकडे (कपलर), ते आवळणारे क्लॅम्प आणि शंकूच्या आकाराचा कोन फिल्टर एवढंच त्यात असतं. आत जाणारी हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरची जुळणी आणि उष्णता अडवणारा पत्रा ज्याचा त्याने बघायचा, आणि इंजिन नीट चालणं या दोन गोष्टींवरच अवलंबून आहे.

पाइप चांगले आहेत. जाडी २ मिमी आणि टोकांना गोल उंचवटा, त्यामुळे कपलर सहज निसटत नाही. पाइप कापला की हा उंचवटा जातो, म्हणून कापलेलं टोक फिल्टरच्या बाजूला ठेवावं. तिथे इंजिनच्या हालचालीची ओढ कमी बसते. कापल्यावर आणि भोक पाडल्यावर कडा कानसीने घासून पाइप आतून धुवा, पुसा, उजेडाकडे धरून पाहा. फिल्टरच्या पुढे राहिलेला ॲल्युमिनियमचा कीस अडवायला काहीच नसतं, तो थेट सिलिंडरमध्ये जातो.

सगळ्यात जास्त घोळ एमएएफ सेन्सरचा होतो. ७६ मिमी हा बाहेरचा व्यास. आतला ७२ भरतो. मूळ सेन्सरचं घर आतून ६५ मिमी असेल, तर नव्या पाइपाचं छेदक्षेत्र सुमारे २३ टक्के मोठं होतं. सेन्सरला हवेचा वेग कमी दिसतो, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) हवा प्रत्यक्षापेक्षा कमी धरतो आणि पेट्रोलही कमी सोडतो. मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडल म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग हलतो, लीन मिश्रणाचा पी०१७१ हा एरर कोड येतो. सेन्सर बसवायला पाइपाला वेल्ड करायची जी फ्लँज (बैठक) वेगळी मिळते, तिच्या वाटेला जाऊ नये. मूळ एअरबॉक्सवरून (कंपनीच्या फिल्टरच्या डब्यावरून) सेन्सरचं घर आख्खं काढा, त्यावरचा बाण इंजिनकडे ठेवा आणि दोन्ही बाजूंना रिड्यूसर कपलर (दोन वेगळ्या व्यासांचे पाइप जोडणारे) लावा. सेन्सरच्या आधी १० ते १५ सेंमी सरळ पाइप हवाच. वळणातून नुकतीच आलेली हवा वेडीवाकडी वाहते आणि रीडिंग थरथरतं. ज्या गाड्यांत एमएएफ नाही, फक्त हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिथे ही अडचण येत नाही. हवेच्या तापमानाच्या सेन्सरला रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी कडी) बसवलं की झालं.

किटमध्ये पत्रा नाही, ही मोठी उणीव. बॉनेटखाली उघडा ठेवलेला कोन फिल्टर रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो. त्यापेक्षा कंपनीचा एअरबॉक्स कितीतरी बरा. हवा ५५ ऐवजी ३५ अंशांची मिळाली तर ती साधारण ६ टक्के जास्त घन असते. मात्र बहुतेक गाड्यांचा मूळ एअरबॉक्सही बाहेरचीच हवा घेतो, त्यामुळे तेवढी ताकद वाढेल असं समजू नये. वाढतो तो मुख्यतः आवाज. पत्र्यासाठी आधी पुठ्ठ्याचा नमुना कापा, मग १ ते १.५ मिमी ॲल्युमिनियम वाकवा. वरच्या कडेला रबरी पट्टी लावून ती बॉनेटला टेकली पाहिजे, नाहीतर गरम हवा वरून आत शिरते.

क्लॅम्प बदलूनच घ्या. पातळ पट्टीचे हे वर्म क्लॅम्प आवळताना आटे सोडतात आणि त्यांच्या खाचा सिलिकॉन कापतात. कपलर पाइपावर किमान २५ मिमी चढवावा. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून पाइप आणि आजूबाजूच्या भागांत १५ ते २० मिमी मोकळी जागा ठेवावी.

क्रँककेसचा ब्रीदर होज, म्हणजे इंजिनच्या खालच्या भागातली वाफ बाहेर नेणारी नळी, सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) यांच्या मधेच जोडायचा. तो नुसता उघडा सोडला तर न मोजलेली हवा आत जाऊ शकते आणि तेलाची वाफ बॉनेटखाली पसरते.

फिल्टर कापडी आहे, हवा छान ओढतो. धुतल्यावर तेल मात्र बेतानेच लावा. जादा तेल सेन्सरच्या तारेवर बसलं की रीडिंग चुकतं. फिल्टर बंपरमध्ये खाली नेण्याचा मोह टाळावा. साचलेल्या पाण्यात तो बुडाला तर पाणी सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

बसवल्यावर स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोलमध्ये किती टक्के वाढ-घट करतो, ते बघा. उणे-अधिक ५ टक्क्यांत असेल तर जुळणी बरोबर. आयडलला ट्रिम अधिक १० च्या वर आणि आरपीएम वाढवल्यावर उतरत असेल, तर हवा कुठूनतरी गळते आहे. आधी सेन्सर आणि इंजिन यांच्यामधले कपलर तपासा.